बेळगाव–निपाणीचा सीमाप्रश्न : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर आणि भालकी या परिसरांतील मराठीबहुल गावांविषयीचा जो वाद ‘सीमाप्रश्न’ या नावाने ओळखला जातो, तो बंगळूरच्या दृष्टीने महाजन आयोगाच्या अहवालाबरोबरच संपलेला आहे, तर मुंबईतील सभांमधून तो कोणत्याही क्षणी सुटेल असे गेली कित्येक दशके सांगितले जात आहे. कायद्याच्या कसोटीवर यांपैकी एकही समज टिकत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या सीमावासीयांमध्येही काही समजुती इतक्या रुजल्या आहेत, की त्या तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे.

१९५६ मध्ये बेळगाव महाराष्ट्रातून काढून कर्नाटकाला देण्यात आले, हे मराठी भाषणांतील वाक्य अशाच समजुतींपैकी एक होय. वास्तविक महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि कर्नाटक हे नाव तर १९७३ मध्ये स्वीकारले गेले, तेव्हा १९५६ मध्ये घडले ते इतकेच, की बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे मुंबई राज्याचे चार जिल्हे, बेळगावातील चंदगड तालुका वगळून, राज्य पुनर्रचना कायद्यान्वये १ नोव्हेंबरपासून तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. म्हणूनच तो दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो आणि सीमाभागातील मराठी भाषक तोच ‘काळा दिन’ म्हणून पाळतात. मात्र याच्या उलट, हा भाग पूर्वीपासून म्हैसूरचाच होता, हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे, कारण म्हैसूर संस्थानाशी बेळगावचा प्रशासकीय संबंध त्यापूर्वी नव्हता.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने भाषा हा एकमेव निकष मानला नव्हता, आणि बेळगाव शहराच्या बाबतीत त्याने जिल्ह्याचे मुख्यालय व सभोवतालचे तालुके यांच्यातील प्रशासकीय आणि आर्थिक संबंधांना अधिक वजन दिले. तथापि ‘जिल्हा हा एकसंध घटक असल्यामुळे तो तोडता येत नाही’ असा जो युक्तिवाद त्यावरून पुढे केला जातो, त्याला खुद्द त्याच कायद्याने छेद दिला आहे. चंदगड बेळगाव जिल्ह्यातून वेगळा काढून कोल्हापूरला जोडला गेला, तो काही आकाशातून पडलेला अपवाद नव्हता. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे वापरली, व त्यांच्या निवाड्यावर आधारित कायदा संसदेने १९५९ मध्ये संमत केला. महाराष्ट्राची मागणी याच तत्त्वांवर उभी आहे. गावांचा आकडा आरंभी ८१४ होता, तर डिसेंबर २०२२ च्या विधिमंडळ ठरावात तो ८६५ आहे. दोन्ही आकडे वृत्तपत्रांत सरमिसळ होऊन येतात, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

सर्वाधिक गैरसमज महाजन आयोगाविषयी आहेत. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा हा एकसदस्य आयोग केंद्र सरकारने २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमला, तो महाराष्ट्राच्याच आग्रहामुळे आणि सेनापती बापटांच्या उपोषणाच्या पार्श्वभूमीवर, ही गोष्ट मराठी लेखनात बहुधा दबक्या आवाजात सांगितली जाते. १९६७ च्या अहवालात आयोगाने महाराष्ट्राला काहीच दिले नाही, हाही असाच एक प्रवाद आहे. प्रत्यक्षात निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राकडे, तर अक्कलकोट, जत आणि दक्षिण सोलापूर या भागांतील गावांसह २४७ गावे म्हैसूरकडे, अशी ती शिफारस होती. बेळगाव शहर मात्र म्हैसूरमध्येच राहावे असे त्यात म्हटले होते, आणि महाराष्ट्राने अहवाल फेटाळण्याचे मुख्य कारण तेच ठरले. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी पुढे या अहवालातील विसंगतींवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ‘महाजन अहवाल अंतिम आहे’ ही कर्नाटकाची भूमिका नैतिक युक्तिवाद म्हणून समजण्यासारखी आहे, परंतु कायदा म्हणून नव्हे. आयोगाची शिफारस म्हणजे सल्ला, आणि संसदेने तिचे कायद्यात रूपांतर केलेच नाही. अहवाल खरोखरच अंतिम मानला असता तर निपाणी आज कर्नाटकात नसती, हा मुद्दा त्या बाजूच्या भाषणांतून सोयीस्करपणे गळतो.

राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार केवळ संसदेला आहे. संबंधित विधिमंडळांचे मत राष्ट्रपतींमार्फत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. त्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले, किंवा जत तालुक्यातील गावांनी पाण्याच्या प्रश्नावरून पूर्वी केलेल्या ठरावांचा हवाला देऊन कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या गावांवर हक्क सांगितला, तरी नकाशावरची रेषा तसूभरही हलली नाही. बेळगावात २०१२ मध्ये उभे राहिलेले सुवर्ण विधानसौध आणि २०१४ मधील ‘बेळगावी’ हे नामांतर यांनाही राजकीय अर्थ आहे, कायदेशीर नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली, म्हणजे राज्याराज्यांतील किंवा राज्य व केंद्र यांच्यातील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याच्या तरतुदीनुसार, मूळ दावा दाखल केला, आणि २०१४ मध्ये साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी न्या. मनमोहन सरीन यांची नियुक्ती झाली. असे दावे तारखेगणिक निकाली निघत नसतात.

निवडणुकीच्या आकड्यांवरून काढले जाणारे निष्कर्षही जपून घ्यावे लागतात. सीमाभाग महाराष्ट्रात विलीन व्हावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार निवडून आले, तर २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. तरीही २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखाहून अधिक मते पडली. मराठी मतदार म्हणजे समितीचा मतदार असे समीकरण जसे मांडता येत नाही, तसेच समितीची पीछेहाट म्हणजे मराठी अस्मितेचा अंत असेही म्हणता येत नाही, कारण अंतर्गत गटबाजी आणि राष्ट्रीय पक्षांनी दिलेले मराठी उमेदवार यांचाही त्यात वाटा आहे.

या साऱ्यांत सर्वांत नुकसानकारक गैरसमज असा, की भाषिक हक्क सीमाप्रश्नाच्या निकालावर अवलंबून आहेत. कानडी व मराठी दोन्ही बोलणाऱ्या या पट्ट्यात मराठीतून परिपत्रक मागणे म्हणजे राज्यद्रोह, असे एका बाजूला सुचवले जाते, आणि महाराष्ट्रात गेल्याखेरीज मराठीला स्थान मिळणार नाही, असे दुसऱ्या बाजूला. वस्तुतः राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार अनुच्छेद ३५० देतो, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे निर्देश ३५०-अ मध्ये आहेत, आणि भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असलेल्या क्षेत्रात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात यावर १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत सहमती झाली होती. यांपैकी कशासाठीही सर्वोच्च न्यायालयातील दाव्याचा निकाल लागावा लागत नाही.