क्वचित लागणारे बटण कुठे असावे?

अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा संगणक. लांबी-रुंदी १२.७ सेंटिमीटर, उंची ५ सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आत. अॅपल कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या ‘मॅक मिनी’ या छोटेखानी संगणकाचे हे नवे रूप जाहीर केले. एवढ्याशा डबीत एवढी ताकद कशी मावली, याचे कौतुक झालेच. पण त्याहून जास्त वाद रंगला तो एका बटणावरून. संगणक सुरू करायचे बटण पुढे नव्हते, वर नव्हते, पाठीमागेही नव्हते. ते होते बुडाशी, मागच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणजे एक कोपरा किंचित उचलायचा, बोट खाली सरकवायचे आणि दाबायचे.

कोणी संगणक उलटा करून ठेवला, कोणी आडवा उभा केला. घरच्या त्रिमितीय छपाईयंत्रावर कोणी छोटी तरफ तयार केली. वरून तरफ दाबली की खालचे बटण दाबले जाते. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणाले, एवढा गहजब कशाला? हा संगणक रोज बंद करायचाच नसतो. काम झाले की तो झोपी जातो, कळफलकाला स्पर्श केला की जागा होतो. जे बटण महिन्यातून एकदा लागते, त्याच्यासाठी पुढची मोक्याची जागा का अडवायची?

वरवर पाहता हा हौशी लोकांचा वाद वाटतो. पण ‘क्वचित लागते, म्हणून कुठेही चालेल’ हा युक्तिवाद दवाखान्यात, विमानात आणि रेल्वेच्या डब्यातही लागू करून पाहिला, की त्यातली गफलत दिसू लागते.

बटणाचा प्रवास

१९८१ मधल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाला उजव्या कुशीत, मागच्या बाजूला एक मोठा लाल खटका होता. तो खट्कन वर-खाली व्हायचा आणि थेट वीज तोडायचा. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशचा खटकाही पाठीमागेच होता. कारण साधे होते. विजेची जाड तार मागून आत येते, तिथेच खटका बसवणे स्वस्त आणि सुरक्षित.

पुढे नव्वदच्या दशकात बटणाचे काम बदलले. ते आता वीज तोडत नाही, संगणकाला फक्त सूचना देते, ‘आवराआवर कर आणि बंद हो.’ संगणक ऐकेनासा झाला तर बटण काही सेकंद दाबून धरायचे, म्हणजे तो सक्तीने बंद होतो. एका नुसत्या सूचनेसाठी जाड तारेची गरज नाही. त्यामुळे बटण कुठेही नेता येऊ लागले. ते दर्शनी भागावर आले, कळफलकावरही आले.

कळफलकावर आले तेव्हा दुसरीच पंचाईत झाली. त्या काळातल्या काही कळफलकांवर वीज बंद करण्याची कळ इतर कळांच्या शेजारीच असे. बोट घसरले की तासाभराचे काम गायब. जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या संगणकाचे बटण कधी गुडघ्याने, कधी केर काढताना, तर कधी रांगत्या बाळाच्या कुतूहलाने दाबले जाई. तेव्हा बटण समोर आणले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही.

बटणाच्या जागेला दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. हवे तेव्हा ते चटकन सापडले पाहिजे आणि नको तेव्हा चुकून दाबले जाता कामा नये. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. बुडाखालचे बटण दुसरी अट उत्तम पाळते. प्रश्न पहिल्या अटीचा आहे.

विमानातला धडा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांबाबत एक चमत्कारिक प्रकार घडत होता. विमान सुखरूप जमिनीवर उतरायचे आणि त्यानंतर वैमानिक त्याची चाकेच पोटात ओढून घ्यायचा. विमान धाडकन पोटावर आदळे. अनुभवी, प्रशिक्षित माणसांच्या हातून असे होई. अहवालात शेरा पडे, ‘वैमानिकाची चूक’.

१९४३ च्या सुमारास अल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हे प्रकरण आले. त्याने वैमानिकांचे डोके तपासण्याऐवजी त्यांच्या समोरचे फलक तपासले. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका एकमेकांशेजारी होते आणि दिसायला सारखेच. दमलेला वैमानिक झडपा मिटायला जाई आणि हात चाकांच्या खटक्यावर पडे. चपॅनिसने सुचवलेला उपाय पोराटोरांनाही कळेल असा होता. चाकांच्या खटक्याच्या टोकाला रबरी धावेचे छोटे चाक बसवायचे आणि झडपांच्या खटक्याला पाचरीचा आकार द्यायचा. हाताला न बघताही फरक कळू लागला.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या हातून झालेल्या अशा ४६० घटनांचे विश्लेषण केले. एका खटक्याऐवजी दुसराच खटका ओढला जाणे, हा त्यातला सर्वांत मोठा गट होता. फिट्सने पुढे १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे हात पोहोचायला वेळ जास्त. संगणकाच्या पडद्यावरची चिन्हे किती मोठी असावीत, हे ठरवताना आजही हा नियम वापरला जातो.

माणसाचा दोष म्हणून जे खपते, त्यात पुष्कळदा खटक्याच्या जागेचा दोष लपलेला असतो, ही समज या कामातून रुजली.

शस्त्रक्रियागृहातली शिस्त

वैद्यकशास्त्राने हा धडा मोठी किंमत मोजून गिरवला. भूल देण्याच्या यंत्रावर प्राणवायू आणि नायट्रस ऑक्साइड या दोन वायूंचे नियंत्रण असते. दोघांत अदलाबदल झाली तर काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून प्राणवायूची फिरकी मुद्दाम वेगळी केलेली असते. ती आकाराने मोठी, इतरांपेक्षा पुढे आलेली आणि कडेने खोल खाचा असलेली असते. अंधारात, हातमोजा घालूनही ती ओळखू येते. दोन्ही वायूंच्या छोट्या सिलिंडरांच्या तोंडावरची छिद्रे वेगवेगळ्या जागी असतात. त्यामुळे एकाचा सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. ‘लक्ष ठेवा’ अशा सूचनेवर हे काम सोडलेले नाही.

त्याच यंत्रावर एक बटण असते. ते दाबले की प्राणवायूचा मोठा झोत एकदम सुटतो. हे बटण रोज प्रत्येक रुग्णाला लागते असे नाही. पण लागते तेव्हा लगेच लागते. म्हणून ते दर्शनी भागावर असते, मात्र कडेच्या किनारीपेक्षा जरा आत बसवलेले. बोटाने सहज दाबता येते, पण कोणी टेकल्याने किंवा वस्तू घासल्याने दाबले जात नाही. दोन्ही अटींची सांगड इथे अर्ध्या सेंटिमीटरच्या खोलगटात घातलेली दिसते.

सार्वजनिक ठिकाणी हृदयाला विजेचा धक्का देणारी स्वयंचलित यंत्रे ठेवलेली असतात. त्यांतली काही झाकण उघडताच आपोआप सुरू होतात, काहींना ठळक असे एकच बटण असते. यंत्र बोलून सूचना देते. धक्क्याचे बटण वेगळे असते आणि गरज असेल तेव्हाच ते लुकलुकते. बहुतेक माणसांना आयुष्यात एकदाही हे यंत्र वापरावे लागणार नाही. तरीही ‘क्वचित लागते’ म्हणून कोणी त्याचे बटण तळाशी नेत नाही.

आणि सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे रेल्वेच्या डब्यातली साखळी. हजारो प्रवासी जन्मभर प्रवास करतात आणि एकदाही ती ओढत नाहीत. तरी ती बाकाखाली नसते. डोळ्यांसमोर, लाल रंगात, हाताच्या टप्प्यात असते. चुकून ओढली जाऊ नये म्हणून जोर लावावा लागतो आणि विनाकारण ओढली तर शिक्षा आहे.

हात सगळ्यांचे सारखे नसतात

आता पुन्हा त्या पेढ्याच्या खोक्याकडे येऊ. बुडाचे बटण दाबताना अंगठा वर, तर्जनी खाली, अशी चिमूट होते. धडधाकट हाताला त्याचे काहीच वाटत नाही. दिवसातून एकदा अशी चिमूट केल्याने मनगटाचा किंवा बोटांचा आजार जडतो, असेही नाही. ती भीती बाळगायचे कारण नाही.

पण आधीच दुखरा असलेला हात वेगळा असतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज उतारवयात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, बरीच आढळते. चिमटीत जेवढा जोर लावावा, त्याच्या कितीतरी पट दाब या सांध्यावर पडतो. किल्ली फिरवणे, बाटलीचे झाकण उघडणे, सुईत दोरा ओवणे, यांत कळ येते ती त्यामुळेच. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काहींची बोटे ताठ होतात, काहींच्या बोटांची संवेदना कमी होते. न दिसणाऱ्या बटणाचा स्पर्शच कळला नाही तर ते शोधायचे कसे? कंपवाताच्या रुग्णाला एका हाताने डबी तोलून दुसऱ्या हाताचे थरथरते बोट नेमके टेकवणे अवघड. पक्षाघाताने एक हात निकामी झालेल्यांना तर तोलायला दुसरा हातच नसतो.

गंमत अशी, की दृष्टिहीन माणसाची अडचण इथे कमी आहे. जागा पक्की असेल आणि बटण बोटाला जाणवत असेल, तर ते वर असो की खाली, त्याला सारखेच. त्याला खरा त्रास होतो तो काचेसारख्या सपाट पृष्ठभागाचा. तिथे कळ कुठे आहे ते हाताला कळतच नाही. म्हणजे ‘सोयीचे बटण’ ही एकच एक गोष्ट नाही. कोणाच्या हाताला सोयीचे, हे आधी विचारावे लागते.

कोणाच्या घरातले ‘क्वचित’?

‘बटण क्वचित लागते’ हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. जिथे वीज जात नाही आणि संगणक रात्रंदिवस प्लगला जोडलेला असतो, तिथे ते खरे आहे. आपल्याकडे रात्री भिंतीवरचा खटका बंद करून झोपण्याची सवय घराघरांत आहे. ती वाईटही नाही. गावाकडे वीज येते-जाते. अशा घरात हेच बटण रोज लागते, कधी दिवसातून दोनदा. वीज परत येताच संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. पण ती माहीत असणाऱ्यालाच तिचा उपयोग.

दुसरे असे, की बटण लागते ते बहुधा अडचणीच्या वेळी. पडदा गोठतो, काही केल्या हलत नाही. अशा वेळी बटण दाबून धरणे एवढाच मार्ग उरतो. बिघाड दुरुस्त करायची यादी पडद्यावर आणायलाही या संगणकावर तेच बटण दाबून धरावे लागते. माणूस आधीच वैतागलेला, घाईत असलेला. अशा क्षणी हात नेहमीच्या जागी जातो, मेंदू नव्या जागा आठवत बसत नाही. आपल्याकडे भिंतीवरचा खटका खाली केला की दिवा लागतो, अमेरिकेत वर केला की. तिकडे गेलेल्या मराठी माणसाचा हात कितीतरी दिवस उलटाच जातो. यात विसराळूपणा नाही, ती हाताची स्मृती आहे.

निर्मात्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. डबी लहान झाली की बटणाला जागा मिळवायची म्हणजे दुसरे काही हलवावे लागते. पुढे जोडण्यांची छिद्रे आहेत, मागे ती दाटीने बसवली आहेत. बटण कुठेही नेले तरी कोणाची तरी गैरसोय होणार. त्यामुळे या संगणकावर आगपाखड करण्यात अर्थ नाही. त्याने कोणाचा जीव जाणार नाही. पण तीच विचारसरणी घरातल्या औषधोपचाराच्या यंत्रात आली तर जाऊ शकतो.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणाऱ्या शीतपेटीजवळच्या खटक्यावर ‘बंद करू नये’ अशी पाटी लावतात, ती याच विचाराने. कोणीतरी मोबाइल चार्ज करायला प्लग काढला, तर शेकडो बाळांच्या लसी वाया जाऊ शकतात. तिथे प्रश्न सहज सापडण्याचा नसतो, चुकून बंद न होण्याचा असतो.

घरी रक्तदाब मोजायचे यंत्र, साखर तपासायचे यंत्र, वाफारा देणारे यंत्र किंवा प्राणवायू तयार करणारे यंत्र घेताना किंमत आणि कंपनी आपण पाहतो. आणखी एक गोष्ट पाहावी. ज्यांच्यासाठी यंत्र घ्यायचे, त्यांच्याच हातात ते दुकानात द्यावे. चष्मा न लावता बटण सापडते का? एका हाताने दाबता येते का? सुरू झाले की बंद, हे दिव्यावरून किंवा आवाजावरून कळते का? उशीचा किंवा पांघरुणाचा धक्का लागून ते बंद तर होणार नाही? बटण गुळगुळीत असेल तर त्यावर खरखरीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावता येतो. यंत्र ठेवायची जागा एकदा ठरवली की बदलू नये. आणि रात्री दिवे घालवून एकदा रंगीत तालीम करावी.

आजोबांना बटण सापडले नाही, की घरात पहिले वाक्य येते, ‘किती वेळा सांगितले तुम्हाला!’ ते वाक्य ओठांवर आले की बी-१७ चा वैमानिक आठवावा. आधी बटण कुठे आहे ते पाहावे, मग आजोबांना बोलावे.