टॅगलाइन गेली कुठे?

रात्री अकराला मैत्रिणीचा फोन. ‘अगं, तू लिहितेस ना? आमच्या ॲपच्या लाँच स्क्रीनसाठी एक मस्त टॅगलाइन दे. क्लायंट पैसे देणारेय!’ फ्रीलान्सरला आणखी काय हवं?

ॲप डब्यांचं, पुण्यात पीजी म्हणून राहणाऱ्या पोरापोरींसाठी. आणि लाँच स्क्रीन म्हणजे आयकॉनवर टॅप केल्यापासून ॲप जागं होईपर्यंत दिसतो तो पडदा. दोन दिवस डोकं खाजवून मी लिहिलं, ‘आईच्या हातची चव, फक्त आई वेगळी!’ क्लायंट काका सॉलिड खूश. त्यांना लोगो, टॅगलाइन आणि वाफाळणारा डबा, सगळं तीन सेकंद हवं होतं.

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. मग तिने मला फंडा समजावला. ॲपलच्या गाइडलाइन्स चक्क सांगतात, ही जाहिरातीची जागा नव्हे. हा पडदा ॲपच्या पहिल्या स्क्रीनसारखाच दिसायला हवा, म्हणजे ॲप झटकन उघडल्यासारखं वाटतं. शब्द तर टाळाच, कारण फोनची भाषा बदलली तरी त्यावरची अक्षरं बदलत नाहीत. (माझं काम संपलं!) अँड्रॉइडमध्ये २०२१च्या बाराव्या आवृत्तीपासून सिस्टिम स्वतःच आयकॉनचा पडदा दाखवते. त्यामागे आपला आणखी एक लावला की तिसरी घंटा होऊनही नाटक सुरू होत नाही, तशी गत.

वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी, याचा गुरू मानला जाणारा जेकब नील्सन. त्याने १९९३मध्येच लिहून ठेवलंय, की एका सेकंदापर्यंत माणसाच्या विचारांची लय तुटत नाही. आपल्याकडे तीन होते.

काकांना काही पटेना. मैत्रिणीने वाद घातला नाही. दुपारी १२.५५ला त्यांच्या हातात फोन दिला. ‘काका, एकला ऑर्डर बंद होते. मागवा डबा.’ काकांनी टॅप केलं. लोगो आला. माझी टॅगलाइन आली. वाफ आली. काका स्क्रीनवर बोट आपटतायत. मैत्रिणीने ॲप बंद करून पुन्हा उघडायला लावलं. तिसऱ्या वेळी ते वैतागले, ‘अहो, हे जात का नाही?’

‘हे’ म्हणजे माझी टॅगलाइन, बरं का!

आता तिथे वर केशरी पट्टी आहे, खाली मेन्यूचे रिकामे चौकोन. अक्षर एकही नाही. टॅगलाइन गेली ‘ऑर्डर मिळाली’च्या स्क्रीनवर. तिथे डब्याची वाट बघत लोक निवांत वाचतात म्हणे.

बिल मात्र मी लाँच स्क्रीनचंच लावलंय.