तीन दिवाळ्यांची शर्यत

आमचे भुसावळ रेल्वेचे गाव. इथे गाडी किती वेगाने आली हे कुणी विचारीत नाही. वेळेवर आली का, एवढेच विचारतात. अशा गावातल्या एका निवृत्त रेल्वे-नोकराने मोटारींच्या शर्यतीवर लिहावे हे जरा अजबच. पण त्याला निमित्त घडले ते २०११ सालच्या दिवाळीत.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. रविवार, ३० ऑक्टोबर. डब्यातल्या चकल्या तळाला गेल्या होत्या आणि दुपारी तीनच्या सुमारास आमचा नातू घरातल्या साऱ्या मंडळींना ओढून टेलिव्हिजनपुढे बसवीत होता. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत सुरू होणार होती. २४ गाड्या, ६० फेऱ्या, एकेक फेरी ५.१२५ किलोमीटरची. दहा-बारा फेऱ्या पाहून झाल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढं जीव तोडून पळायचं, आणि यायचं पुन्हा तिथंच!”

नातू चिडला. पण बाईंच्या बोलण्यात तथ्य होतेच. सर्किट म्हणजे कुठेही न पोहोचणारा रस्ता. त्याची सारी किंमत त्याच्या वळणांत. इथे अशी १६ वळणे होती आणि त्यांची आखणी केली होती हेर्मान टिल्के या जर्मन रचनाकाराने. जगातील अनेक नवी सर्किटे याच गृहस्थांच्या हातची. उत्तर प्रदेशातली ती जमीन सपाट. तिच्यावर माती चढवून मुद्दाम चढउतार केलेले. बांधणारी कंपनी जेपी समूहाची. जिल्ह्याचे नाव गौतम बुद्ध नगर, म्हणून सर्किटलाही बुद्धाचे नाव. शांतीच्या त्या महापुरुषाच्या नावाने कानठळ्या बसवणारा हा कारभार चालावा, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. मात्र ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी यात गेल्या, त्यांच्यापैकी बरेच जण मोबदल्याबद्दल नाराज होते, आणि ती गोष्ट गमतीची नव्हती.

त्या शर्यतीतल्या दोन गोष्टी भारतीय माणूस विसरणार नाही. भाऊबीजेच्या दिवशी पहिला सराव सुरू होताच एक भटके कुत्रे थेट धावमार्गावर आले आणि जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांना थांबून राहावे लागले. दुसरी गोष्ट शेवटच्या क्षणाची. विजेत्याला चौकटीचा झेंडा दाखवायला उभा होता आपला सचिन तेंडुलकर! त्याचे शंभरावे शतक तेव्हा अजून व्हायचे होते, त्यामुळे त्याला पाहताच घरात शर्यतीपेक्षा त्याच शतकाची चर्चा जास्त झाली. शर्यत जिंकली जर्मनीच्या सेबास्टियन फेटेलने. आपला नरेन कार्तिकेयन सतरावा आला.

नातवाने त्या दिवशी मला एक नवी गोष्ट सांगितली. शर्यतीच्या गाड्या धावत असताना त्यांच्या टायरचे रबर झिजून डांबरावर बसत जाते, आणि त्या काळ्या पट्ट्यावर पुढच्या गाडीची पकड चांगली बसते. पट्टा सोडून बाजूला गेले की धूळ, आणि धुळीत गाडी घसरते. बुद्ध सर्किट नवे कोरे होते, म्हणून त्यावर धूळ फार. मला लगेच आमचे पर्मनंट वे खाते आठवले. ज्या रुळावरून रोज गाड्या जातात तो आरशासारखा चकाकतो. सायडिंगला पडलेल्या रुळाला महिन्यात गंज धरतो. पोलाद तेच, कारखाना तोच. रस्ता वापराने राहतो, हे रेल्वेतल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

ही गोष्ट मद्रासच्या शौकीन मंडळींना फार पूर्वी उमगली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या धावपट्ट्या ओस पडल्या. इंग्लंडात अशाच एका विमानतळावर १९४८ साली सिल्व्हरस्टोनचे सर्किट सुरू झाले. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे युद्धकाळातली धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिच्यावर तीन दशकांहून अधिक काळ शर्यती घेतल्या. आपल्या मुंबईतही जुहूच्या विमानतळावर मोटारी पळाल्या आहेत. कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १९३२ साली उतरले तो हाच जुहू! जागा उसनी, सोयी नाममात्र. पण गाड्या सतत पळत होत्या. पुढे मद्रासच्या क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे स्वतःचे छोटेखानी सर्किट उभारले. १९९० साली सुरू झालेल्या त्या सर्किटवर अजूनही शर्यती होतात. कार्तिकेयनने आपली पहिली शर्यत श्रीपेरुंबुदूरलाच केली, आणि तीही मारुतीचे इंजिन बसवलेल्या छोट्या गाडीत.

बुद्ध सर्किटचे मात्र सारे उलटे. थाट राजेशाही, आणि वर्षातून खरा धंदा तीन दिवसांचा. पहिल्या वर्षी ९० हजारांवर प्रेक्षक आले. दुसऱ्या वर्षी तो आकडा बराच खाली आला. त्यातच हा खेळ की करमणूक, असा वाद निघाला. सरकारने त्याला खेळ मानायचे नाकारले. मग करमणूक कर आला, परदेशातून येणाऱ्या सामानाच्या जकातीचा प्रश्न आला, न्यायालये आली. २०१३ साली, दिवाळीच्या आदल्या रविवारी, फेटेलने तिथेच सलग तिसरी शर्यत जिंकली आणि त्याबरोबर आपले चौथे जगज्जेतेपदही. आनंदाच्या भरात त्याने गाडी जागच्या जागी गरगर फिरवली, खाली उतरून तिला वाकून नमस्कार केला, आणि नियमभंगाबद्दल त्याच्या संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. प्रेक्षक बेहद्द खूश होते. पण फॉर्म्युला वनची ती तिथली शेवटचीच शर्यत ठरली. पुढच्या वर्षी वेळापत्रकातून भारताचे नाव गेले. २०१५ साली परत येण्याची बोलणी झाली, शर्यत काही आली नाही.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की करापुरते पाहता हे सर्किट म्हणजे फॉर्म्युला वनच्या परदेशी कंपनीचे भारतातले ‘कायम ठाणे’ होते. तोपर्यंत शर्यत जाऊन चार वर्षे होत आली होती! कंपनी कर्जात बुडाली. २०२० साली यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने जमिनीचे वाटप रद्द केले. २०२३ च्या सप्टेंबरात मोटारसायकलींची जागतिक शर्यत तिथे झाली. उकाडा एवढा, की फेऱ्या कमी कराव्या लागल्या. इटलीचा मार्को बेझेक्की जिंकला. पुढच्या वर्षी ती शर्यतही झाली नाही.

नातू आता नोकरीला लागला आहे. गेल्या दिवाळीला आला तेव्हा जुनी चित्रफीत लावून बसला होता. फराळाचे ताट ठेवता ठेवता आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “अरे, ते एवढं मोठं मैदान. आता तिथलं गवत कोण काढतं?”

नातवाला सांगता आले नाही. चित्रफितीत सचिन झेंडा हलवीत होता.