मैदानाच्या आरक्षणावर टॉवर कसा उभा राहतो?

‘खेळाच्या मैदानासाठी आरक्षित’ असा बोर्ड असलेल्या जागेवर वर्षानुवर्षं नुसतं गवत वाढतं. मग एक दिवस भोवती पत्रे ठोकले जातात आणि टॉवरचं काम सुरू होतं. लोक म्हणतात, “खाल्ले पैसे!” कधी तसं असतंही. पण अनेकदा सगळं कायद्यात बसवूनच झालेलं असतं.

हा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. बोलीभाषेत एमआरटीपी. शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, याच कायद्याखाली बनतो. रस्ता, शाळा, दवाखाना कुठे असेल, हे पुढच्या साधारण २० वर्षांसाठी नकाशावर ठरतं. यात मेख अशी की, आरक्षण टाकलं म्हणून जागा महापालिकेची होत नाही. मालकी मूळ मालकाचीच राहते, फक्त त्याला तिथे दुसरं काही बांधता येत नाही.

मग मालकाला किती वर्षं अडकवायचं? कलम १२७ सांगतं, अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपतं. शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते इथेही बांधता येतं.

ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ आणि २०१५ मध्ये २४ झाली. म्हणजे महापालिकांना वेळ वाढवून मिळाला. पण फक्त पत्रव्यवहार करून भागत नाही. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, पाऊल थेट संपादनाच्या दिशेनेच हवं.

खरी अडचण पैशांची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरात बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. महापालिका टीडीआर देऊ करते, पण तो घ्यायचा की नाही हे मालक ठरवतो. मोक्याच्या जागेचा मालक कशाला घेईल?

आणि आराखड्यावर शेवटची सही कोणाची? ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांपैकी पहिलाच विषय नगर नियोजन आहे. प्रत्यक्षात मंजुरी राज्य सरकारची. २०१५ मध्ये चुकांवरून गदारोळ झाल्यावर मुंबईचा प्रारूप आराखडा सरकारने बाजूला ठेवायला लावला. नवा मंजूर झाला २०१८ मध्ये. २०१५ मध्येच पुण्याचा आराखडा सरकारने महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. निवडून दिलेल्या नगरसेवकाचं काम तिथेच संपलं.

सामान्य माणसाला संधी मिळते ती प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. तेव्हा लेखी हरकत घेता येते, सुनावणीत बोलताही येतं. त्यासाठी त्या जागेचं मालक असण्याची गरज नाही. समोरच्या इमारतीत भाड्याने राहणाराही हरकत घेऊ शकतो.