वस्तू मागू नका, काम सांगा

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हत्यारं घ्यायला जायचं असेल, तर यादी घरी राहिली तरी चालेल, नमुना मात्र विसरू नये. मोडकी बिजागरी, दारातून निघालेला एखादा स्क्रू, ज्या लाकडावर काम करायचं त्याचा वीतभर तुकडा, एवढं पिशवीत हवंच. आळी अरुंद, हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढावी लागते. दुकानं एकाला एक लागून. कुणाकडे नुसते नट-बोल्ट, कुणाकडे कुलपं आणि कड्या, कुणाकडे दोरखंड. सुतारकामाची हत्यारं ठेवणारी दुकानं त्यांतच. मी घराच्या गच्चीवर लाकूडकाम करते, सुटीच्या दिवशी काही मुलांना शिकवते, आणि या आळीतल्या काउंटरवर मला जे मिळालं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगते की दुकानात वस्तूचं नाव घेण्याआधी काम सांगा. ‘दीड इंची स्क्रू द्या’ म्हणणाऱ्याला दीड इंची स्क्रू मिळतो आणि विषय संपतो. पण “काका, सागवानी दाराला पितळी बिजागऱ्या बसवायच्यात,” असं म्हटलं की समोरून प्रश्न येतो, “दार किती जाड आहे, ताई?” मग बिजागरीच्या भोकावरून स्क्रूचा नंबर ठरतो आणि दाराच्या जाडीवरून लांबी. वर सल्ला मिळतो तो वेगळाच. “पितळी स्क्रू थेट पिळू नका. आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढा, मग पितळी घाला.” पितळ मऊ असतं. सागात जोर लावला की स्क्रूची मान तुटते आणि अर्धा तुकडा आतच राहतो. म्हणून आधी ड्रिलने बारीक भोक पाडायचं, लोखंडी स्क्रूने आटे करून घ्यायचे, पितळीला जरासं मेण चोळायचं. मग तो अलगद बसतो.

हल्ली सगळीकडे खपतात ते काळे स्क्रू मुळात जिप्सम बोर्डाच्या भिंतींसाठी बनलेले आहेत. पोलाद कडक केलेलं, त्यामुळे ठिसूळ. प्लायच्या हलक्या कामाला ते ठीक आहेत, पण जड दाराच्या बिजागरीला ते वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आडवा भार आला की ते वाकत नाहीत, थेट तुटतात.

मापाची बोली इथे अजून सुतात चालते. एका इंचाचे आठ सूत. ‘तीन सुताचं ड्रिल’ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. ड्रिलच्या पाकिटावर मिलिमीटर छापलेले असतात आणि मिस्त्री सुतात मागतात, तेव्हा एक सूत म्हणजे जवळजवळ ३.२ मिलिमीटर, हे तोंडपाठ असलेलं बरं.

हत्यार हातात घेऊन तपासल्याशिवाय घेऊ नये. गुण्याचंच बघा. चकचकीत दिसतो, पण काटकोन खरा आहे की नाही ते दिसण्यावरून कळत नाही. सरळ कडेच्या प्लायच्या तुकड्यावर गुण्या टेकवायचा आणि टोकदार पेन्सिलीने रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन खरा. वरच्या टोकाला फट दिसली, तर गुण्याची चूक त्या फटीच्या निम्मी. फूटभर लांबीत एक मिलिमीटर चुकलं, तर कपाटाच्या सहा फुटी बाजूला ते सहा मिलिमीटर होतं, आणि मग दार काही केल्या नीट लागत नाही. मी काउंटरवर दोन-तीन नग असे तपासून घेते. चांगला दुकानदार त्याला वैतागत नाही, स्वतःच पेन्सिल पुढे करतो. वैतागला, तर दुसरं दुकान शेजारीच आहे.

मोजपट्टीच्या टोकाचा हूक किंचित हलतो म्हणून ती सदोष समजून परत करणारे लोक मी पाहिले आहेत. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. बाहेरून मोजताना हूक ओढला जातो, आतून मोजताना दाबला जातो, आणि त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा सरकल्यामुळे दोन्ही मापं बरोबर येतात.

लोखंडी रंध्यात मात्र पैसे वाचवायला जाऊ नये. पोलादी पट्टी कडेवर उभी करून रंध्याच्या तळावर ठेवायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. मधून उजेडाची चीर आली तर तळ खोलगट आहे, तो ठेवून द्यावा. या रंध्याची घडण अमेरिकेतल्या लेनर्ड बेलीची. त्याची पेटंटं स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली विकत घेतली. मागचं चाक फिरवून पातं वर-खाली करायची त्याची सोय आपल्या पंजाबात बनणाऱ्या रंध्यांतही तशीच आहे. हातहत्यारं बनवणाऱ्या गावांत पंजाबातलं जालंधर आणि राजस्थानातलं नागौर ही नावं मोठी. पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेताना मी टपारियाचे मागते. त्यांचा कारखाना आपल्या नाशिकला, सातपूरच्या एमआयडीसीत आहे.

पटाशी घेताना धार बघत बसू नका. नव्या पटाशीला कामाची धार बहुधा नसतेच, ती आपण लावायची असते. बघायची ती तिची सपाट पाठ आणि दांड्यात ती सरळ बसली आहे का ते. त्याच फेरीत दोन बाजूंचा दगड घ्या, एक बाजू भरड आणि एक बारीक. उतार साधारण २५ अंशांचा ठेवून अगदी टोकाला ३० अंशांची धार काढली की सागवानात पटाशी सरळ जाते. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो, आणि तो जोर निसटला की हाताला लागतं. पटाशीवर खर्च करून दगडाला नाही म्हणणारं गिऱ्हाईक दिसलं की मला राहवत नाही, मी मध्ये बोलतेच.

ड्रॉवरचं चॅनेल घ्यायला जाणाऱ्यांनी ते सुतारकाम सुरू करण्याआधी घ्यावं. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचा खोका कपाटातल्या मोकळ्या जागेपेक्षा इंचभर अरुंद हवा. खोका आधी बनवून मग चॅनेल शोधत आळीत फिरणारी माणसं भेटतात. त्यांना मदत करणं दुकानदाराच्याही हातात नसतं.

आणि विजेवरची हत्यारं. चार इंची ग्राइंडर दगड-लोखंड घासायचं यंत्र आहे, मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेणारं. त्याला लाकडाचं दातेरी पातं बसतं, आणि ते विकलंही जातं. कृपा करून ते मागू नका. दाते लाकडात अडकले की यंत्र उसळी मारतं आणि हातातून सुटतं. दुकानात काम सांगितलंत, तर जाणता माणूस तुमच्यापुढे सर्क्युलर सॉ ठेवेल, नाहीतर हातकरवत देईल.

पात्याच्याच बिलात डोळ्यांचा चष्मा आणि एन-९५ मास्कही घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरलेली आहे. हातमोजे लाकूड उचलायला घ्या. फिरत्या पात्यापाशी मात्र ते काढून ठेवा.