भरदार पांढरी वाइन व तिची आणेवारी

महसूल खात्यांत पिकांची आणेवारी करितां करितां आम्ही एक धडा शिकलों : बांधावरून अंदाज करूं नये, शेतांत उतरावें. वाइनच्या बाबतींत मात्र आम्ही बांधावरच उभे होतों. गेल्या फाल्गुनांत उतरण्याचा प्रसंग आला.

आमचा भाचा माळशिरस तालुक्यांत वाइनचीं द्राक्षें पिकवितो. पांच हंगाम त्यानें शार्दोने जातीचा माल घातला, परंतु त्या जातीची वाइन कशी लागते हें त्यास ठाऊक नव्हतें. तो एक बाटली घेऊन सारोळ्यास आला.

शार्दोने ही मूळची फ्रान्सांतील बरगंडी प्रांताची. आपल्याकडे अकलूजजवळ मोटेवाडीच्या बाजूस फ्रातेलीच्या मळ्यांत ती पिकते. चांगल्या पिकलेल्या फळाच्या रसांत शेंकडा 23-24 भाग साखर असते. रस पुरता आंबल्यावर मद्यार्क शेंकडा 13 च्या आसपास होतो. भरदार वाइन करावयाची तर ती ओक लाकडाच्या पिंपांत किण्वाच्या गाळासह कांहीं महिने ठेवितात. तेथें सूक्ष्म जंतु फळांतील तीव्र आम्लाचें दह्यांतील सौम्य आम्ल करितात. म्हणून ती जिभेवर पाण्यासारखी न लागतां सायीच्या दुधासारखी लागते.

चाखण्याची रीत सोपी आहे. बाटली 10 ते 13 अंश सेल्सियस इतकी गार असावी. बर्फासारखी केल्यास वास दबतो. पांढऱ्या धोतरासमोर धरून रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग घोट तोंडांत घोळवून चव किती वेळ टिकते तें पाहावें. आम्हांस पिकल्या अननसाचा व लोण्याचा वास आला.

जेवणांत परीक्षा झाली. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर घशांत आग झाली व वाइन कडवट लागली. चिंचेच्या आमटीपुढें ती अगदीं बेचव झाली. शेवटीं नारळाच्या दुधांतील कोंबडीचा पांढरा रस्सा व तूप घातलेला आमचा इंद्रायणी भात घेतला, तेव्हां दोहोंची गोडी वाढली. तात्पर्य, भरदार वाइनीस स्निग्ध व सौम्य अन्न द्यावें. तिखट व आंबट हे तिचे वैरी.

भाचा मात्र गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी वजनासाठीं वेलीवर घड फार ठेवीत होतों. असल्या फळांत हा भरदारपणा कोठून यावा?" येत्या फळछाटणीनंतर घडांची विरळणी करण्याचें त्यानें ठरविलें आहे. वजन घटेल, तें गोडी व स्वाद भरून काढतील कीं नाहीं, हें पुढील हंगामींच कळेल.

ज्यांस कुळाचारानें, वैद्याच्या सल्ल्यानें वा कायद्यानें मनाई आहे, त्यांनीं चाखूं नये. इतरांस दोन घोट पुरेत. परंतु आपल्या मालाचें पुढें काय होतें, हें पिकविणाऱ्यानें एकदां तरी शेतांत उतरून पाहावें, एवढीच आमची विनंती.