पासवर्डविना बसणारे सॉफ्टवेअर : धोका कोणाला?

कार्यालयातील संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवायला जावे आणि पडद्यावर प्रशासकाचा, म्हणजे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड मागणारी चौकट उमटावी, हा अनुभव बहुतेक नोकरदारांच्या परिचयाचा आहे. काही सॉफ्टवेअर मात्र ही चौकट न दाखवताच बसतात. हे कसे घडते?

विंडोजमधील ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे फोल्डर साऱ्या संगणकाचे असते; तेथे लिहिण्याचा अधिकार प्रशासकालाच असतो. मात्र प्रत्येक वापरकर्त्याला ‘ॲपडेटा’ नावाचा स्वतःचा कोपराही मिळतो. सॉफ्टवेअर तेथे बसवले तर कोणाचीच परवानगी लागत नाही. 2008 साली आलेल्या गुगल क्रोमने हाच मार्ग पत्करला. नव्या आवृत्त्याही पासवर्डवाचून मिळत असल्याने त्यातील त्रुटी लवकर बुजतात, हा त्याचा लाभ.

चोरांनीही तोच मार्ग धरला. 2013 मध्ये पसरलेला ‘क्रिप्टोलॉकर’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम ईमेलला जोडलेल्या फायलीतून येई, ॲपडेटामध्ये ठाण मांडी आणि दस्तऐवज कुलूपबंद करून पैसे मागे. त्यासाठी त्याला प्रशासकाच्या अधिकारांची गरज नव्हती. ज्या फायली आपण बदलू शकतो, त्या आपल्या खात्यातून चालणारा प्रोग्रॅमही बदलू शकतो. मर्यादित अधिकारांमुळे विंडोज सुरक्षित राहते, दस्तऐवज नव्हे. विंडोज पुन्हा बसवता येते. वर्षभराचे हिशेब कोठून आणायचे?

म्हणूनच अधिकार काढून घेतले की काम झाले, हा अनेक कार्यालयांचा समज अपुरा आहे. 2009 च्या विंडोज 7 पासून ‘ॲपलॉकर’ ही सोय उपलब्ध आहे. तिच्या साह्याने मान्य यादीतील प्रोग्रॅमच चालू देता येतात. मग ते कोठेही बसवलेले असोत. मात्र ही यादी सांभाळणारा विभाग तत्पर हवा. साधा मराठी फॉन्ट बसवण्यासाठीही 2018 पर्यंत विंडोजवर प्रशासकाची मनधरणी करावी लागे, हे अनेकांना आठवत असेल! मागणी दोन-दोन दिवस पडून राहिली, तर कर्मचारी पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी आवृत्ती घरून आणतो आणि ती कोठून उतरवली, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा यादी नसलेल्या कार्यालयात, पासवर्ड मागितला गेला नाही तरी, सॉफ्टवेअर स्वतःहून बसवू नये. मागणी लेखी करावी आणि कामाच्या फायलींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवली जाते की नाही, हेही त्याच पत्रात विचारावे.